दसऱ्याचा घोडा आणि शरदातले गवत

सीमोल्लंघनाचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. आपट्याची पाने, धुऊन पुसून पुजलेली शस्त्रे, गळ्यात झेंडूची माळ घातलेला घोडा, आणि वेशीबाहेर पडणारे लष्कर. इतिहासाच्या पुस्तकांत या घोड्याची पाठ दिसते, कारण तिच्यावर स्वार असतो. त्याचे पोट कोणी पाहत नाही. मराठा लष्कराचे वर्ष ज्या सांध्यावर फिरत होते, तो सांधा मात्र या पोटातच होता. मागचे चार महिने त्या पोटाने ओले, हिरवे गवत पचवलेले असे. पुढचे आठ महिने त्याला परमुलखातला कोरडा कडबा, मिळेल तो दाणा आणि रोज नव्या विहिरीचे पाणी पचवायचे असे. या दोन आहारांच्या मधोमध भाद्रपद आणि आश्विन येतात. शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणण्याची जुनी रीत आहे, कारण या दिवसांत रोगी वाढतात आणि वैद्याचे घर चालते. घोड्यांच्या वैद्यालाही ती तितकीच लागू पडावी.

प्रथम घोड्याच्या पोटाची रचना ध्यानात घ्यावी लागेल. तिच्याशिवाय पागेची एकही जुनी आज्ञा नीट कळत नाही.

गाय चार कप्प्यांच्या पोटात गवत साठवते आणि सावकाश रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने फार लहान असते. पूर्ण वाढलेल्या घोड्यात त्याची धारणशक्ती साधारण ८ ते १५ लिटर, तट्टात त्याहून कमी. म्हणून मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तासही चरत राहतो. थोडे थोडे, पण जवळजवळ अखंड. गवतातला चोथा खरा पचतो तो पुढे, उंडुक आणि मोठ्या आतड्यांत. तेथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून निघालेल्या द्रव्यांवर घोडा जगतो. घोड्याला चारणे म्हणजे प्रत्यक्षात या सूक्ष्मजीवांना चारणे होय. हिरव्या गवतावर वाढलेली त्यांची वस्ती कोरड्या कडब्याला किंवा दाण्याला एका रात्रीत सरावत नाही. तिला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

ते न देता आहार बदलला, तर वायू धरतो. चोथा एका जागी साचतो किंवा आतडे आकसून कळा येऊ लागतात. त्यात घोड्याची आणखी एक अडचण अशी की त्याला वांती होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले अन्न त्या वाटेने परत येत नाही. जठर फुगले, तर माणसाला मिळणारी सुटका त्याला मिळत नाही. मग तो पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहतो, घामाघूम होतो, बसतो, उठतो, पुन्हा लोळतो. मोठे आतडे पोटात बरेचसे मोकळे लोंबत असल्यामुळे ते वायूने फुगून स्वतःभोवती पिळले जाण्याची भीती असते. एकदा तो पीळ बसला की काही तासांत सारे संपते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रिया रुळेपर्यंत पीळ पडलेल्या घोड्यावर जगात कोठेही इलाज नव्हता. मोतद्दार रात्रभर त्याच्यापाशी बसून राही, एवढेच.

आता शरदातले गवत. दख्खनच्या माळावर आषाढ-श्रावणात जे उगवते, ते कोवळे आणि पाण्याने भरलेले असते. त्याने लीद पातळ होते, घोडा फुगीर दिसतो, पण अंगात बळ धरत नाही. भाद्रपद सरता सरता गवताला तुरे येतात, काडी टणक होऊ लागते. आश्विनाच्या उन्हात ते झपाट्याने वाळते, आणि मध्येच परतीचा पाऊस पडला तर बुडख्यातून पुन्हा कोवळे कोंब फुटतात. एकाच कुरणात जून काडी आणि ओला कोंब शेजारी शेजारी उभे असतात. घोडा अर्थातच कोंब शोधतो आणि तो खाताना मातीसकट मूळ उपटतो. रेताड जमिनीत ही माती आतड्याच्या तळाशी साचत जाते. याच सुमारास कापलेले गवत नीट न वाळवता गंजीत रचले, तर ते आतून तापते आणि बुरसते. घोड्याला बुरशीचे गवत गाईहून फार लवकर बाधते. नवी बाजरी खळ्यावर येण्याचे दिवसही हेच, आणि दौडीसाठी घोडा लवकर तयार व्हावा म्हणून चंदी वाढवण्याचा मोह होण्याचे दिवसही हेच.

या सगळ्यात एक अदृश्य भागीदार असे. पावसाळाभर एकाच ओल्या कुरणात चरलेल्या घोड्याच्या पोटात कृमींच्या अळ्या भरपूर गेलेल्या असत. त्यांतली एक जात आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरून ती सुजवते. रक्त कमी पडलेले आतडे मग क्षुल्लक कारणाने दुखू लागते. या जातीचा खरा बंदोबस्त १९८०च्या दशकात नवी कृमिनाशके सर्रास वापरात आल्यावर झाला. तोपर्यंतच्या प्रत्येक पागेत शरदातल्या पोटशूळांतले काही शूळ या अळ्यांचेच असणार. फक्त त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

हे सारे मनात ठेवून सभासदाच्या बखरीकडे वळावे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीस बसून शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचे जे वर्णन केले, त्यात लष्कराचे वार्षिक वेळापत्रक आहे. पावसाळ्यात लष्कराने स्वदेशी छावणीस यावे. तेथे त्याच्यासाठी दाणा, रतीब आणि औषधे तयार असावीत. माणसांना घरे आणि घोड्यांना गवताने शाकारलेल्या पागा असाव्यात. दसरा होताच छावणी सोडून कूच करावे आणि आठ महिने परमुलखात निर्वाह करावा. हा मजकूर बहुतेकदा युद्धनीती म्हणून वाचला जातो, आणि ती त्यात आहेच. पण बेगमीच्या वस्तूंचा क्रम पाहिला तर हे एखाद्या अनुभवी पागेदाराचे टिपण वाटते. चार महिने गवत भरपूर असताना दाण्याची आणि औषधांची स्वतंत्र तरतूद कशाला हवी, असा प्रश्न ज्याने घोडा पाळलेला नाही त्यालाच पडेल. त्याच बखरीत पागेची रचनाही येते. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद. नालबंदाचे कारण उघड आहे. पखालीकडे मात्र लक्ष जात नाही. हिरव्या गवतातून घोड्याला बरेचसे पाणी आपसूक मिळते. कोरड्या वैरणीवर आला की त्याला दिवसाला तीसेक लिटर पाणी वेगळे प्यावे लागते. ते कमी पडले तर चोथा आतड्यात दगडासारखा बसतो. पंचवीस घोड्यांमागे पखालीचे एक माणूस ठरवून देणारी व्यवस्था त्या शूळाच्या एका मोठ्या कारणावर, जाणून वा न जाणून, बंदोबस्त करत होती.

या विषयावरचा सर्वांत बोलका कागद मात्र बखर नसून एक पत्र आहे. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, हा त्याचा आशय म्हणून ते शाळेपासून परिचित आहे. त्यातला रयतेविषयीचा भाग खरोखर थोर आहे. परंतु पत्राची सुरुवात रयतेपासून होत नाही, पागेपासून होते.

प्रसंग असा होता. चिपळुणात लष्कराचा मुक्काम लांबला. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला दाणा आणि गवत त्यात बरेचसे खर्ची पडले. वैशाखाचे दिवस होते आणि घाटावर जाण्याची सोय उरली नव्हती. कारकुनांकडून आणि गडागडांवरच्या साठ्यांतून धान्य देववून पागेची कशीबशी बेगमी करण्यात आली. त्यावर महाराज बजावतात की, आहे तोवर मनाला येईल तसे चाराल, आणि ऐन पावसात काही मिळेनासे होईल. मग उपास पडतील, घोडी मरायला लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. उपाशी घोड्यांचे स्वार मग कुणब्याकडचा दाणा, गवत, लाकूड हिसकावू लागतील, आणि उरलीसुरली रयतही परागंदा होईल. मोगलांहून तुमचा जाच अधिक, असे तिला वाटेल. रयतेच्या छळाची ही साखळी घोड्याच्या तोबऱ्यापासून सुरू होते. महाराजांना ती पुरती दिसत होती.

पत्राच्या मध्यावर येणारी आज्ञा पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. तिचा भावार्थ एवढाच: कारकून देतील तेवढाच दाणा आणि रतीब घ्यावा, उपास न पडता रोजच्या रोज खायला मिळावे, आणि अशा रीतीने हळूहळू घोडी सबळ व्हावीत. थोडे द्यावे, पण खंड पडू देऊ नये, आणि बळ सावकाश भरू द्यावे. हाताशी आहे म्हणून एकदम भरपूर चारणे आणि संपले म्हणून उपाशी ठेवणे, हे घोड्याच्या आतड्याचे सर्वांत मोठे वैर. महाराजांच्या मनात सूक्ष्मजीवांचा विचार होता असे कोणी म्हणणार नाही, आणि पत्राचा मुख्य हेतू साठा पुरवण्याचा होता हेही मान्य केले पाहिजे. पण ज्या माणसाने आयुष्य घोड्याच्या पाठीवर काढले, त्याला भरमार आणि उपास यांच्या झोक्याने घोडा कसा ढासळतो हे पाहून ठाऊक असणे स्वाभाविक होते. त्याच पत्रात तो गंजींजवळ चुली पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यात शिरतो. एक गंजी जळाली की पावसाळाभराची कोरडी वैरण गेली. मग घोड्याच्या पोटात उरते ते नुसते ओले गवत.

वैशाखातल्या या पत्राचा शरदाशी संबंध काय, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर साठ्याच्या हिशेबात आहे. वैशाखात राखलेली कोरडी वैरण आणि दाणा दसऱ्यापर्यंत टिकला, तरच भाद्रपदात हिरव्या गवतासोबत रोज मूठमूठ कोरडे मिसळता येते आणि आश्विनात ते प्रमाण वाढवता येते. साठा श्रावणात संपला, तर हा पूल बांधायला सामानच उरत नाही. असा घोडा दसऱ्याला बाहेर पडतो तेव्हा त्याच्या आहारात थेट तुटलेला कडा असतो, आणि पहिल्या आठ-दहा मुक्कामांत जे व्हायचे ते होते.

हे ज्ञान सतराव्या शतकात नव्याने जन्मले नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याच्या रोजच्या आहाराचे माप दिलेले आहे. त्यात अर्धा भार हिरवा चारा आणि त्याच्या दुप्पट गवत सांगितले आहे. दाणाही भिजवलेला किंवा अर्धवट शिजवलेला. हिरव्याचे प्रमाण जाणूनबुजून कमी ठेवलेले दिसते. त्याच प्रकरणात अश्ववैद्यांची दोन कामे सांगितली आहेत. देहाच्या क्षयावर आणि वाढीवर उपाय करणे, आणि ऋतूप्रमाणे आहार बदलून देणे. ऋतूनुसार चारा ठरवणे हे वैद्याचे काम आहे, सईसाचे नव्हे, असे त्या ग्रंथाचे मत. उपचारातल्या हलगर्जीने रोग बळावला तर वैद्याला खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्याच्या चुकीने जनावर दगावले तर त्या जनावराच्या किमतीइतका. आणि याच प्रकरणाच्या शेवटी एक विधी येतो. आश्विन महिन्यात नवव्या दिवशी घोड्यांचे नीराजन, म्हणजे ओवाळणी, करावी. प्रवासाच्या आरंभी, अखेरीस आणि रोगराईतही ती करावी. खंडेनवमीला शस्त्रे आणि दसऱ्याला घोडा पुजण्याच्या आपल्या रीतीची मुळे किती खोल जातात, हा वेगळा विषय. येथे इतकेच लक्षात घ्यावे की ओवाळणीच्या तीन वेळा म्हणजे ऋतुबदल, प्रवास आणि आजार. घोड्याचे पोट बिघडण्याच्या वेळाही याच.

पुढे या विद्येचे स्वतंत्र ग्रंथ झाले. ती शालिहोत्र ऋषींची मानली गेली. विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक नावाने राहिलेल्या नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ आहे, जयदत्ताचे अश्ववैद्यक आहे. शालिहोत्राची फारसी भाषांतरे झाली. त्यांतले एक दख्खनमध्येच, बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्या आश्रयाने झाले. १७८८मध्ये कलकत्त्यात त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. ऋषीचे नाव मात्र ग्रंथांतून उतरून बाजारात आले, आणि घोड्याच्या वैद्याला देशभर सालोत्री म्हणू लागले. एखाद्या शास्त्रकाराच्या वाट्याला याहून मोठा मान क्वचितच येतो. पेशाचेच नाव त्याचे झाले, आणि पेशा करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्याचा ग्रंथ कधी पाहिलाही नव्हता.

सालोत्र्याच्या बटव्यातली औषधे ओळखीचीच होती. हिंग, सुंठ, ओवा, सैंधव, गूळ. त्यांचा मसाला करून गोळे भरवायचे, तेल पाजायचे, दाणा बंद करायचा, घोड्याला लोळू न देता हाताने धरून हळूहळू फिरवायचे. आजच्या दृष्टीने यांतले सर्वांत मोलाचे औषध दाणा बंद करणे हे होते. फिरवण्यानेही साध्या वायूच्या शूळात आराम पडतो. मसाल्याचे श्रेय बरेचसे त्या शूळाचे असावे, कारण साधे शूळ आपोआपही उतरतात. पोटात पीळ पडलेल्या घोड्याला हिंगाने काही होत नसे, आणि नाकातोंडात घाईने ओतलेले तेल श्वासनलिकेत गेले तर उलट जीवच जाई. जुन्या विद्येचा अभिमान बाळगताना ही तफावत झाकण्याचे कारण नाही. तिचे बळ औषधात नव्हते, दिनचर्येत होते.

भीमा आणि नीरेच्या खोऱ्यांतले भीमथडी तट्टू येथे मराठ्यांच्या मदतीला आले. ठेंगणे, काटक, माळावरच्या गवतावर वाढलेले. त्याच्यासमोर मोगलांच्या उमद्या तुर्की आणि इराकी घोड्यांचा खुराक ठेवून पाहावा. अबुल फज्लने ऐन-ए-अकबरीत शाही अश्वशाळेची रोजची नेमणूक लिहिली आहे. तीत दाण्याबरोबर तूप आणि साखर आहे. असा घोडा रसद तुटली की आधी ढासळणार. तुपासाखरेच्या घोड्याची थट्टा करण्याचा मोह मराठी लेखकांना नेहमीच होतो, आणि तो सर्वस्वी गैर नाही. परक्या घोड्याला परक्या मुलखात काय चारावे हे न कळल्याने होणारी हानी मार्को पोलोनेही नोंदवली होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावरच्या माबार देशात एकेक राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे विकत घेई, आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही उरत नसत, असे तो सांगतो. त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारत, आणि विक्री थांबू नये म्हणून व्यापारी घोडेवैद्यांना तिकडे जाऊ देत नसत, असेही. आकड्यात अतिशयोक्ती असू शकेल. कारण मात्र पटते.

तरीही भीमथडीविषयी एक भ्रम दूर करावा लागेल. गवतावर जगणारे म्हणजे कशावरही जगणारे नव्हे. काटक तट्टाला दाणा कमी चालतो, पण चोथा कमी चालत नाही. ३०० किलो वजनाच्या जनावराला दिवसाला त्याच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सहा किलो कोरडा चारा, धरला तर दहा हजार घोड्यांना रोज साठ टन लागतात. कागदावर हा आकडा सोपा दिसतो. तो रोज कापायचा, वाहायचा आणि मोजून द्यायचा असतो.

या हिशेबाचे सर्वांत क्रूर उदाहरण पानिपतचे आहे. १७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला. तेथे अब्दालीसाठी साठवलेले धान्य हाती आले. दोन दिवसांनी दसरा होता. उत्तर हिंदुस्थानात तो शरदाचा ऐन काळ, आणि लष्कराजवळ दाणा होता. त्या दसऱ्यापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत ८७ दिवस जातात. या अवधीत यमुना ओलांडून अब्दाली दक्षिणेच्या वाटेवर बसला, मराठे पानिपतला खंदकाआड अडकले, आणि डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदीची उरलेली वाटही बंद झाली. धान्य गडातून जिंकता येते, गाड्यांत भरता येते. वैरण तशी जिंकता येत नाही. ती भोवतालच्या मुलखातून रोज यावी लागते, आणि मुलूख शत्रूच्या स्वारांच्या हाती होता. काशीराज पंडिताच्या वृत्तान्तात लाकूडफाटा आणि चारा आणायला रात्री बाहेर पडलेल्या बाजारबुणग्यांच्या कत्तलीचा प्रसंग आहे. गवताच्या भाऱ्यासाठी माणसे मरत होती.

पानिपतच्या घोड्यांविषयी सहसा ते उपाशी होते एवढेच लिहिले जाते. उपास हा शब्द तेथे अपुरा आहे. चोथा तुटला की घोड्याच्या मोठ्या आतड्यातली वस्ती मरू लागते. भुकेला घोडा माती, साल, शेजाऱ्याच्या शेपटीचे केस, काहीही खातो. अशा आतड्यात नंतर अचानक चांगला चारा पडला तरी तो पचत नाही. म्हणजे शेवटच्या दिवशी कोठून गवत मिळालेही असते, तरी ते घोडे त्या दिवशी दौडले नसते. त्या सकाळी मराठे जिंकण्याच्या आशेने निघाले की मरण्याच्या निश्चयाने, याची चर्चा पुष्कळ होते. ज्या घोड्यांवर ते निघाले, त्यांच्यापुढे निवडच नव्हती.

दसऱ्याच्या या वेळापत्रकावर घाला घालणारा माणूस पुढे इंग्रजांकडून आला. आर्थर वेलस्लीने मराठ्यांशी लढायचे तर नद्या भरलेल्या असतानाच, हे आधीपासून मनाशी ठरवले होते. नावांची तयारी त्याने केली होती, आणि भरल्या नद्यांपुढे मराठा घोडदळाची चपळाई लंगडी पडणार होती. ऑगस्ट १८०३मध्ये अहमदनगर पडले, २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. छावणीच्या महिन्यांतच युद्ध उभे राहिले. इंग्रजी घोडदळाचा चारा तेव्हा कापल्या गवतावर चाले. घोड्यामागे सईस असे, आणि त्याशिवाय खुरपे घेऊन हरळी मुळासकट खरवडून आणणारा घासकाप्या असे. ही मुळे नीट झटकली, धुतली नाहीत, तर मातीचा शूळ ठरलेला. साम्राज्याचा घोडा त्या घासकाप्याच्या प्रामाणिकपणावर उभा होता, आणि त्याचे नाव कोणत्याही खलित्यात नाही.

कंपनीलाही ही विद्या नव्याने शिकावी लागली. १८०८मध्ये बिहारातल्या पुसा येथील अश्वपैदाशीच्या ठाण्यावर आलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा फ्रान्समधील लियाँच्या शाळेत शिकलेला पशुवैद्य होता. नुसत्या हरभऱ्यावर भिस्त न ठेवता त्याने तेथे ओट पेरून घेतले. पुण्यात १८६२मध्ये पशुवैद्यकाची शाळा निघाली, मुंबईत परळला १८८६मध्ये महाविद्यालय आले. लष्करातल्या हिंदी पशुवैद्यक साहाय्यकांना तेव्हाही सालोत्रीच म्हणत. पण पागा, शिलेदार आणि बारगीर तोवर संपले होते. ज्यांच्या हाताखाली ही दिनचर्या जिवंत होती, ते मोतद्दार टांग्यांच्या तळांवर आणि संस्थानिकांच्या तबेल्यांत पांगले.

महाराष्ट्रात घोड्यांचा मोठा बाजार आजही भरतो, तो तापीकाठी सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत. मार्गशीर्षातली पौर्णिमा, म्हणजे शरद नुकताच मागे पडलेला. दूरदूरच्या कुरणांवरून आणि तबेल्यांतून घोडे येतात, हात बदलतात, ट्रकमध्ये चढून अनोळखी गावी जातात. गिऱ्हाईक दात पाहतो, चाल पाहतो, अंगावरचे भोवरे मोजतो, रवाल दौडवून घेतो. त्याने जाताना मालकाला एवढे विचारावे की महिनाभर याला काय घालत होता, आणि त्याच वैरणीच्या आठ दिवसांच्या पेंढ्या घोड्याबरोबर ट्रकमध्ये टाकून न्याव्यात.